डावीकडचा खांब

४ नोव्हेंबर

रुचिराचं लग्न ठरलं. सोळा फेब्रुवारी. मुलगा खारघरचा, अथर्व, बँकेत आहे. बैठकीत सगळे हॉल आणि मानपान बोलत होते, मी मुलाचा चेहरा बघत होतो. डावी बाजू चांगली आहे. उजवीकडून नाक जरा जड दिसतं. उंचीत रुचिरापेक्षा जेमतेम दोन बोटं जास्त, म्हणजे तिला सपाट चपला आणि त्याला पायरीवर अर्धं पाऊल वर. शोभाने कोपर मारलं तेव्हा कळलं की पाहुणे मला काहीतरी विचारत होते.

तेहतीस वर्षं पनवेल-उरणच्या लोकांच्या मुली सजवून उभ्या केल्या. आता आपली. ही वही फक्त तिच्या लग्नासाठी.

पोझ ठरवायला सुरुवात केली. हनुवटी खाली, मान किंचित पुढे, म्हणजे गळ्याखालची वळी जाते. खांदा कॅमेऱ्याकडे, छाती नाही. ‘लाजू नका’ असं कधी म्हणायचं नाही, माणूस आणखी ताठतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाताला काम द्यायचं. रिकामा हात फोटोत खोटं बोलतो.

जागा एकच, उरणजवळची मोऱ्याची जेट्टी. स्टुडिओच्या शोकेसमध्ये जगन-दिपिका या जोडप्याचा फोटो लावलाय तसा. गेल्या एप्रिलात काढला. मावळता सूर्य, धक्क्याच्या टोकाला दोघं पाठमोरी, तिचा पदर वाऱ्यावर, सगळं काळं आणि सोनेरी. आणि डावीकडे तो एक काळा खांब. तो नसता तर फोटो उजवीकडे कलंडला असता. रस्त्यावरून जाणारा माणूस त्याच्यापुढे थांबतोच. खाली कोपऱ्यात लिहिलंय, ‘गुरुदत्त फोटो, पनवेल’. या वयात असं काम हातून होतंय याचं मला बरं वाटतं.

९ नोव्हेंबर

एक अडचण लक्षात आली. कन्यादानाला मी पाटावर बसलो तर ते फोटो कोण काढणार? उपाय सोपा आहे. शोभाच्या भावाला आणि वहिनीला बसवायचं. मामा-मामींनी कन्यादान केलेलं मी पन्नास लग्नांत पाहिलंय, शास्त्राला चालतं. मेहुण्याला फोन करून सांगूनही टाकलं. तो म्हणाला, पितांबर काढून ठेवतो.

जेवताना सांगितलं. शोभा म्हणाली, “पनवेलमध्ये तुम्ही एकटेच फोटोग्राफर आहात का?”

“माझ्या मुलीचे काढायला एकटाच.”

रुचिरा ताट घेऊन उठली. बराच वेळ नळ चालू होता. लग्न ठरलं की मुली अशा हळव्या होतात.

१७ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू. आज करंजाड्याला पहिलं लग्न. निकेश पुन्हा हजर. मूळचा जासईचा, अकरा वर्षं माझ्याकडे होता, दोन वर्षांपूर्वी सुटून स्वतःचं थाटलं. तेव्हा राग आला होता, पण चालायचंच. आता गेले सात-आठ महिने मात्र माझ्या प्रत्येक लग्नाला दुसरा कॅमेरा म्हणून येतो. शोभा म्हणते, हल्ली पार्ट्यांना दोन कॅमेरे लागतात. लागत असतील. पण हा दिवसभर माझ्या डाव्या खांद्यामागे उभा. मी जिकडे वळेन तिकडे हा.

शेवटी म्हटलं, “माझे कोन काय उचलतोस? स्वतःचा शोध की.”

“तुमचाच बरा हाय काका,” म्हणाला आणि हसला.

मोठा झाला पण चोरी सुटली नाही.

हॉलवाले असले स्वस्त दिवे लावतात की प्रत्येक दिव्याभोवती काटे फुटलेले दिसतात. व्यवस्थापकाला बोललो. तो नुसता वर बघत राहिला.

१ डिसेंबर

लॅबवाल्याशी वाजलं. प्रिंट पिवळट आली होती. गेले कित्येक महिने मी प्रत्येक फोटो कॉम्प्युटरवर थंड करून, म्हणजे निळ्याकडे झुकवून पाठवतो, तरी तो पिवळेच छापतो. म्हणाला, “साहेब, नवरी निळी दिसतेय.” म्हटलं, “तुझं मशीन तपास.” शोभा मध्ये पडली, तुम्ही घरी जा, मी बघते म्हणाली. मग तिसऱ्यांदा तेच, डोळे दाखवून या. पन्नाशीनंतर बायकांना नवऱ्याचे अवयव तपासण्याचा छंद लागतो.

संध्याकाळी जगन आणि दिपिका पेढे घेऊन आले. तिला दिवस गेलेत. शोकेसपाशी उभी राहून म्हणाली, “काका, आमी घरातबी हाच मोठा करून लावलाय. ह्याच्यात तुमी पन हाय म्हनून.”

एवढ्या पोरीला कळतं की फोटोत फोटोग्राफर असतो. घरच्यांना कधी कळणार? शोभा एकदम पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत गेली.

८ डिसेंबर

रुचिरा सकाळी निळी पैठणी नेसून गेली, ऑफिसात कार्यक्रम आहे म्हणाली. रविवारी कसला कार्यक्रम. परत आली तर काठाला गंज लागलेला, तांबडा. विचारलं तर म्हणाली, गेटला घासली असेल. शोभा लिंबू चोळत बसली. इतकी महाग साडी आणि एवढा निष्काळजीपणा.

पूर्वी निकेशच्या डोक्यात एक खूळ होतं, जासईच्या कंटेनर यार्डात जोडप्यांचे फोटो काढायचे. लाल-निळ्या पत्र्यांच्या भिंतीपुढे नवरी. मी म्हटलं होतं, हे लग्न आहे की कस्टमची तपासणी? आज का आठवलं कोण जाणे.

२२ डिसेंबर

घरीच रुचिराला उभी करून उजेड बघितला. तिने सगळं ऐकलं, मान वळव म्हटलं की वळवली, पण चेहऱ्यावर काही येईना. मधेच म्हणाली, “बाबा, आपल्या घरात तुमचा एकही फोटो नाही.”

“आधारकार्डावर आहे.”

हसली नाही. मग म्हणाली, लग्नात तुमच्या चष्म्यावर फ्लॅशची चमक येईल, नवीन काच घालून घेऊ, माझ्याबरोबर चला. हे मात्र मला पटलं. लोकांच्या चष्म्याची चमक टाळण्यात माझी हयात गेली.

२७ डिसेंबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळे. उजव्यात चांगलाच पिकलाय म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? म्हटलं, फोटोग्राफर. ते रुचिराकडे बघायला लागले. भारावले असावेत.

उजव्याचं अकरा जानेवारीला करायचं ठरलं, डाव्याचं लग्नानंतर. उजवा म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. लग्नाला एकदम नवा कोरा मिळणार.

नवल शोभाचं. सहा महिने डोळे दाखवा म्हणून मागे लागलेली बाई डॉक्टरांना विचारते, ऑपरेशन लग्नानंतरच केलं तर नाही का चालणार? मी म्हटलं, अगं, मग लग्नात फोटो आंधळ्याने काढायचे का? तिघांपैकी कुणीच हसलं नाही.

१२ जानेवारी

पट्टी काढली.

पांढरं म्हणजे काय ते मी विसरलो होतो. न्हाणीघरातल्या फरश्या पिवळट नाहीत, पांढऱ्याच आहेत. समोरच्या इमारतीवर सुकणारी चादर दिसली आणि मी गॅलरीत उभाच राहिलो. एक डोळा झाकला की जुनं जग, दुसरा झाकला की नवं. दिवसभर हाच खेळ.

शोभा किती पिकली आहे. कपाळावर बारीक सुरकुत्या आहेत, त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. चहा देताना मी बघत बसलो तर म्हणाली, “काय एवढं बघताय?” म्हटलं, “तू छान दिसतेस.” खरंच दिसत होती. ती खिडकीकडे वळली.

स्टुडिओत इतक्यात जाऊ नका म्हणते, धूळ असते.

१७ जानेवारी

शोभा बाजारात गेली होती. मी गॉगल लावला आणि रिक्षाने स्टुडिओत गेलो.

शोकेसपुढे उभा राहिलो. जगन-दिपिकाचा फोटो. मनात म्हटलं, आता बघू दे माझं काम नव्या डोळ्याने.

डावीकडचा खांब हा खांब नाही. त्याला टोपी आहे. कोपर बाहेर काढून, कॅमेरा डोळ्याला लावून, जरा पोक काढून तो माणूस त्या दोघांकडे वळून उभा आहे. उन्हाळ्यात मी घालतो तीच टोपी. पाठीवर तीच पिशवी.

मी आहे तो.

माझाच फोटो निघत असताना तो फोटो मी काढलेला असणं शक्य नाही. एवढं कळायला मला काचेपुढे बराच वेळ लागला. मागून एक बाई म्हणाल्या, “छान आहे ना?” मी हो म्हटलं. खाली माझं नाव होतं.

१८ जानेवारी

शोभा देवळात गेल्यावर स्टुडिओचा कॉम्प्युटर उघडला. गेल्या वर्षीच्या मार्चपासूनची चौदा लग्नं. प्रत्येकाच्या दोन फाइल. एक माझी, एक ‘नि’ म्हणून.

माझी बघितली. मी ऑटोफोकस वापरत नाही, हाताने लेन्स फिरवतो, त्याचा मला अभिमान होता. नवरीचे डोळे पुसट आणि मागच्या खुर्चीची नक्षी लख्ख. अंतरपाट खाली येतानाचा क्षण, त्यात भटजींचा कान तेवढा स्पष्ट. आणि सगळे निळे. लॅबवाला खरं बोलत होता, नवऱ्या निळ्या आहेत. आजारी दिसतात.

मग अल्बम काढले. चौदाच्या चौदा अल्बमांत माझं एकही पान नाही. सगळं ‘नि’चं. प्रत्येक पानाखाली माझं नाव.

ज्या फोटोंसाठी लोकांनी हात हातात घेऊन माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं, त्यांतला एकही माझा नव्हता.

शोभा आली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

“मार्चमध्ये एका पार्टीने अल्बम परत केला होता,” ती म्हणाली. “तुम्हाला कळू दिलं नाही. मीच निकेशला बोलावलं.”

“वर्षभर?”

“डोळे दाखवा म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला.”

“डोळे दाखवा म्हणालीस. तुमचे फोटो खराब येतायत असं एकदा तरी म्हणालीस का?”

“म्हटलं असतं तर तुम्ही कॅमेरा खाली ठेवला असता का जीव दिला असता, मला नाही कळलं.”

“तर मला मूर्ख बनवलंत. चौदा लग्नांतली माणसं मला बघत होती, आंधळा इकडून तिकडे पळतोय आणि काम करणारा मागे उभा आहे. सगळ्यांना माहीत होतं.”

“सगळ्यांना नाही,” शोभा म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, “बहुतेकांना.”

तेहतीस वर्षं मी लोकांच्या खोडी झाकल्या. बुटक्याला विटेवर उभं केलं, जाड्याला तिरकं, टकल्याला मुंडावळ्या खाली. कुणाला कळू न देता. घरच्यांनी तेच माझ्यावर केलं. मला चांगल्या बाजूने उभं करून ठेवलं.

१९ जानेवारी

जासईला गेलो. निकेश दारातच होता, शोभाने फोन केला असणार. त्याची आई मालूताई पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवून लगेच आत वळली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

“किती दिवस चालणार होतं हे?” मी विचारलं.

“काकींनी सांगितलं, मी केलं. तुमी मला कॅमेरा धरायला शिकवलाव. मी नाय कसा बोलनार?”

“आणि तो मोऱ्याचा फोटो? मी त्यात आलोय हे दिसलं नाही तुला?”

“दिसलं ना.”

“मग कापला का नाहीस?”

“कापला तं फोटो पडतो, काका. तुमीच धरून ठेवलाय तो.” थोडं थांबून म्हणाला, “आनि निदान एका तरी फोटोत तुमी असाल, असं वाटलं.”

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे त्याचा मोठा स्क्रीन होता. त्यावर लाल आणि निळ्या कंटेनरांची भिंत, आणि भिंतीपुढे निळ्या पैठणीत माझी रुचिरा. अथर्वच्या हातात तिच्या चपला. ती डोकं मागे टाकून हसतेय. माझ्यापुढे ती अशी कधी हसली नाही.

काठाचा गंज आठवला.

निकेश म्हणाला, “लग्नाची ऑर्डर तिनं मला बोलनी चालू होती तेव्हाच, ऑक्टोबरातच दिली, काका. तुमाला सांगायचं धाडस कोनाला नव्हतं.”

ऑक्टोबर. म्हणजे ही वही मी उघडली त्याच्याही आधी. यात लिहिलेली एकेक पोझ फुकट.

२० जानेवारी

रुचिराला विचारलं. रडेल असं वाटलं होतं, नाही रडली.

“माझ्या लग्नाचे फोटो निळे आणि पुसट आले असते, बाबा. मला ते आयुष्यभर बघायचे होते.”

“मग तोंडावर सांगायचंस. इतकी वर्षं मी तुझ्या लग्नाचा विचार करतोय.”

“लग्नाच्या फोटोंचा,” ती म्हणाली. “लग्नाचा नाही. मी ऑर्डर दिली कारण त्या दिवशी तुमचे हात रिकामे हवे होते मला. आणि तुम्ही काय केलंत? मला न विचारता मामाला फोन केलात. माझ्या कन्यादानाला दुसरा माणूस बसवलात. मी फसवलं म्हणता, मग ते काय होतं?”

मी म्हटलं, दोन्ही गोष्टी एक नाहीत. ती म्हणाली, नाहीतच.

२ फेब्रुवारी

घरात लग्नाची गडबड आहे. मी कामापुरता बोलतो. आज एकटाच मोऱ्याला गेलो. ओहोटी होती, चिखलावर पाण्याचा पातळ थर होता. दोन कोळिणी जाळं निवडत बसल्या होत्या. विचारून त्यांचे चार फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले. जाळ्याची गाठन् गाठ दिसते. रंग जिथल्या तिथे.

मी अजून काढू शकतो. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. शोभा समोर आमंत्रणांवर नावं घालत बसली होती. नाही सांगितलं.

१६ फेब्रुवारी

हॉलवर मी नेहमीसारखा गेलो, खिशांचं जाकीट, खांद्यावर बॅग. कुणी काही म्हणालं नाही. माझ्या मनात होतं की निकेशने त्याचं काढावं, मी माझं काढीन. मुलगी माझी आहे, डोळा आता चांगला आहे, मला कोण अडवतो.

भटजींनी पुकारलं, वधूचे आईवडील या. आणि मेहुणा आला, पितांबर नेसून, वहिनी मागे. नोव्हेंबरात मी सांगितलं होतं, त्यानंतर त्याला नको म्हणून कुणी कळवलंच नव्हतं. शोभाला वाटलं मी कळवेन, रुचिराने ते माझ्यावर सोडलं होतं, आणि मी कुणाशी बोलतच नव्हतो. तो बिचारा पाटावर बसायला निघाला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. लेन्समध्ये रुचिराचा चेहरा. फोकस अगदी तिच्या पापण्यांवर, केस न् केस वेगळा. हनुवटी खाली, मान किंचित पुढे. मी शिकवलेली पोझ तिने जशीच्या तशी धरली होती. आणि हात मांडीवर रिकामे, एकावर एक, बोटं पांढरी पडलेली.

असे हात मी हजार नवरीमुलींचे पाहिलेत. काहीतरी सोसणारी मुलगी फोटोत चांगली दिसायचा प्रयत्न करते तेव्हा असे दिसतात. मोतीबिंदू असता तर मला ते दिसले नसते.

मी मेहुण्याच्या हातात बॅग आणि कॅमेरा दिला. “हे धर,” म्हटलं. त्याने इतका वेळ पोट आत धरून नेसलेला पितांबर सांभाळत बॅग घेतली. मी जाकीट घालूनच पाटावर बसलो. भटजी म्हणाले, अंगावरचं काढा. काढलं. जाकीट आणि शर्टाच्या आत साधा बनियन होता. कुणीतरी उपरणं टाकलं.

शोभा झारीने पाणी घालत होती. माझ्या ओंजळीतून अथर्वच्या ओंजळीत, तिथून रुचिराच्या हातांवर. शोभाची धार वाकडी पडत होती, पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत जात होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. पण ओंजळ हलू दिली नाही.

“काका, हनुवटी जरा खाली,” समोरून निकेश म्हणाला.

“तुझा लाईट उजवीकडे घे,” मी म्हटलं. “मुलाचं नाक जड दिसेल.” त्याने घेतला. रुचिराला हसू फुटलं, तिथेच, मंत्र चालू असताना. भटजी थांबले.

१९ फेब्रुवारी

घर रिकामं आहे. राग गेला असेल असं वाटलं होतं, गेला नाही. शोभा पोळी वाढते, मी घेतो. पण आता कुणी माझ्या एखाद्या कामाला छान म्हणालं की मी आधी शोभाचा चेहरा बघेन. ही सवय मला लागली आणि ती मला नको होती.

९ मार्च

निकेश अल्बम देऊन गेला. चांगला आहे. वाईट शोधायचा प्रयत्न केला, दोन ठिकाणी मागे पंखा आलाय, बाकी काही नाही. कन्यादानाचं पान उघडून बराच वेळ बसलो. उपरण्याखाली बनियन दिसतो. वहीतल्या सगळ्या नियमांप्रमाणे हा फोटो चुकीचा आहे. मी त्यात निकेशच्या लाईटकडे बघतोय आणि रुचिरा माझ्याकडे.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याने ‘गुरुदत्त फोटो’ छापलंय. सवयीने असेल किंवा मला बरं वाटावं म्हणून. त्याला फोन करून सांगितलं, पुन्हा छाप, स्वतःचं नाव घाल. “नको काका” म्हणाला. म्हटलं, “मला बरं वाटावं म्हणून कुणी काही करायचं नाही आता.”

मग शोकेस उघडली. मोऱ्याचा फोटो बाहेर काढला आणि ब्लेडने खालचं माझं नाव खरवडलं. त्या जागी पट्टी चिकटवली. अक्षर माझंच: ‘फोटो: निकेश, जासई. जेट्टीवर जगन व दिपिका. डावीकडे उभा आहे तो गुरुदत्त.’

शोभा दाराशी उभी राहून वाचत होती. म्हणाली, “अहो, गिऱ्हाइकं काय म्हणतील?”

मी काच पुसली आणि फोटो होता तिथे लावला.

“काही म्हणणार नाहीत,” मी म्हटलं. “त्यांना आधीपासून दिसत होतं.”